जुनी मराठी फाईल नवीन वर्डमध्ये: उघडत नाही, उघडली तर वाचता येत नाही, वाचता आली तर पानं हलतात

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चा पण संपला, आणि तेव्हापासून सांगलीत जिकडे बघावं तिकडे कॉम्प्युटर बदलायचं चाललंय. वकिलांची ऑफिसं, पतसंस्था, शाळा, मार्केट यार्डातल्या अडत पेढ्या, झेरॉक्स-डीटीपीची दुकानं, सगळीकडे. जुनं मशीन एक्स्चेंजला द्यायचं, नवीन आणायचं, डेटा पेनड्राइव्हवर घेऊन त्यात टाकायचा की झालं. मग थोड्या दिवसांनी कुणीतरी २००४ सालची फाईल उघडायला जातं, संस्थेचे पोटनियम म्हणा, वाटणीपत्राचा मसुदा म्हणा, आणि फोन येतो की फाईल गेली हो, व्हायरस लागलाय, काहीतरी करा.

बहुतेक वेळा फाईल गेलेली नसते. हे आधी पक्कं डोक्यात ठेवा, कारण घाबरून लोक जे करत सुटतात, म्हणजे सगळं सिलेक्ट करून फॉन्ट बदलून बघ, परत त्याच नावाने सेव्ह कर, फाईलचं नावच बदलून बघ, त्यानेच खरं नुकसान होतं. तेव्हा पहिलं काम एकच, त्या फाईलची कॉपी करायची, मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवायची आणि जे काय प्रयोग करायचे ते कॉपीवर करायचे. इथून पुढे जे सांगतोय ते सगळं कॉपीवरच करायचंय.

आता मुद्दा असा आहे की लोक "फाईल उघडत नाही" म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगवेगळी दुखणी असतात. एकात वर्ड फाईल उघडायलाच नकार देतं. दुसऱ्यात फाईल उघडते पण मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. तिसऱ्यात सगळं वाचता येतं पण पानं हललेली, टेबल फाटलेलं, सही करायची ओळ पुढच्या पानावर गेलेली असते. तिन्हीची कारणं वेगळी आणि उपाय पण वेगळे. इंग्रजीतली जेवढी म्हणून मदत वाचायला मिळते ती बहुतेक पहिल्या आणि तिसऱ्याबद्दल असते, कारण त्यांना दुसरं दुखणं फारसं माहीतच नाही. आपल्या मराठी फायलींत मात्र निम्म्याहून जास्त त्रास दुसऱ्याचाच असतो, म्हणून पहिलं पटकन सांगतो आणि दुसऱ्यावर जरा थांबतो.

वर्डच्या फाईलच्या नावामागे डॉक किंवा डॉकएक्स असतं ते तुम्ही बघितलंच असेल. डॉकएक्स आलं ऑफिस २००७ पासून, त्याच्या आधीचं सगळं डॉक. पण डॉक ही एकच जात नाही, वर्ड २ ची फाईल पण डॉक, वर्ड ६ आणि ९५ ची पण डॉक, आणि वर्ड ९७ ते २००३ ची पण डॉकच. नाव म्हणजे मार्केट यार्डातल्या पोत्यावरचा शिक्का, आत राजापुरी हळद आहे की सेलम ते पोतं उघडल्याशिवाय कळत नाही. त्यातली ९७ ते २००३ वाली जात आजचं वर्ड निवांत उघडतं, वर टायटलमध्ये "कंपॅटिबिलिटी मोड" असं लिहून येतं एवढंच, त्याला घाबरायचं काही कारण नाही. त्याच्याही आधीच्या, म्हणजे वर्ड ९५ आणि मागच्या फायलींना मात्र वर्ड स्वतःहून अडवतं आणि मेसेज देतं की हा प्रकार ट्रस्ट सेंटरच्या फाईल ब्लॉक सेटिंगने बंद केलाय.

असं का करतात याला कारण आहे. जुन्या फाईलची आतली रचना फार गुंतागुंतीची असते, ती वाचणारा वर्डमधला कोड पण तेवढाच जुना, आणि मुद्दाम बिघडवलेली फाईल पाठवून त्या कोडमधून कॉम्प्युटरमध्ये घुसता येतं. सप्टेंबर २००७ मध्ये ऑफिस २००३ च्या सर्व्हिस पॅक ३ ने पहिल्यांदा असं बरंच काही एकदम बंद करून टाकलं होतं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि जानेवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने माफी मागितली आणि मान्य केलं की दोष त्या फाईल फॉरमॅटचा नाही, तो वाचणाऱ्या कोडचा आहे. तेव्हा फाईल तुमच्याच कपाटातल्या सीडीवरची, तुमच्याच हाताने टाईप केलेली असेल तर ती उघडायला हरकत काहीच नाही. फाईल मेनू, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, फाईल ब्लॉक सेटिंग्ज असं जायचं. तिथे जुन्या वर्डच्या नावांपुढे टिक दिसतील आणि खाली तीन पर्याय, त्यातला "प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडा आणि एडिटिंग करू द्या" हा पर्याय निवडायचा, फाईल उघडली की लगेच डॉकएक्स म्हणून सेव्ह ॲज करायचं आणि सेटिंग परत होतं तसं करून ठेवायचं. कायमचं उघडं ठेवू नका, विशेषतः ज्या मशीनवर दिवसभर गिऱ्हाईकांचे मेल आणि पेनड्राइव्ह येतात तिथे तर अजिबात नको.

वर पिवळी पट्टी येऊन नुसतं "प्रोटेक्टेड व्ह्यू" आलं तर ती वेगळी गोष्ट. मेलमधून किंवा नेटवरून उतरवलेल्या फाईलवर विंडोज बाहेरून आल्याची खूण ठेवतं आणि वर्ड ती खूण बघून फाईल फक्त वाचायला देतं. पाठवणारा ओळखीचा असेल तर एनेबल एडिटिंग दाबा, नाहीतर फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक, विषय संपला.

ट्रस्ट सेंटरच्या भानगडीत पडायचं नसेल, किंवा ऑफिसच्या मशीनवर ते सेटिंग ॲडमिनने बंद केलं असेल, तर लिब्रेऑफिस टाका. फुकट आहे, वर्डच्या शेजारी सुखाने नांदतं, आणि जुने फॉरमॅट वाचण्यात ते वर्डपेक्षा उजवं आहे, कारण बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फायली वाचायचं काम तिथले लोक मनापासून करतात. जुनं मायक्रोसॉफ्ट वर्क्स, वर्डपरफेक्ट, बऱ्याच गोष्टी त्यात उघडतात. माझ्या मते ज्या ऑफिसात दहा वर्षांपेक्षा जुना डेटा आहे तिथे ते असलंच पाहिजे, रोजचं काम वर्डमध्ये करत असलात तरी.

आणि एवढं करूनही उघडत नसेल तर फाईल खरंच डॉक आहे का ते बघा. कॉपी नोटपॅडमध्ये उघडायची, सगळा कचराच दिसणार, पण सुरुवातीची अक्षरं बघायची. इंग्रजी मोठा पी आणि मोठा के दिसला तर ती आतून झिप फाईल आहे, म्हणजे बऱ्याच फायली दाबून भरलेलं एक गाठोडं, बहुधा डॉकएक्सच, कुणीतरी नाव चुकीचं दिलंय. महिरपी कंस आणि त्याच्यामागे तिरकी रेघ देऊन आरटीएफ दिसलं तर ती आरटीएफ नावाच्या वेगळ्या प्रकारची फाईल आहे, नाव बदलून उघडा, उघडेल. डॉकएक्स झिप असते याचा अजून एक फायदा म्हणजे फाईल करप्ट झाली तरी कॉपीचं नाव बदलून झिप करायचं आणि आत वर्ड नावाचं फोल्डर मिळतं का बघायचं, त्यात मीडियामध्ये सगळे फोटो सुट्टे ठेवलेले असतात आणि डॉक्युमेंट नावाच्या फाईलमध्ये मजकूर. जुन्या डॉकमध्ये असं काही सुट्टं काढता येत नाही, तिथे वर्डच्या ओपन खिडकीत खाली "रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाईल" हा पर्याय असतो, मांडणी सगळी जाते पण मजकूर हाताला लागतो.

आता दुसरं दुखणं, आपलं खास.

फाईल उघडली, पानं दिसतायत, पॅरेग्राफ जागच्या जागी आहेत, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कालवा. कारण असं की १९९० च्या दशकात आणि २००० नंतरही कितीतरी वर्षं आपण जे मराठी टाईप केलं ते कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती पण विंडोजमध्ये ती पहिल्यांदा नीट चालायला लागली विंडोज २००० मध्ये, एक्सपीत सुद्धा ती वेगळी टिक करून घालावी लागायची आणि तेव्हा ओरिजिनल सीडी हाताशी नसली की काम अडायचं. काम तर थांबवता येत नव्हतं, म्हणून श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी, पुण्याच्या सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेचे डीव्हीबी-टीटी सुरेख आणि योगेश, असे फॉन्ट आले. त्यांनी युक्ती अशी केली की फाईलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवायची, फक्त फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र काढून ठेवायचं.

कृतीदेवमध्ये "मराठी" लिहिलं की फाईलमध्ये खरंतर काय साठतं बघा, इंग्रजी बारका ई, जे, के, मोठा बी आणि बारका एच. ई च्या जागी म चं चित्र, जे च्या जागी र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. जोपर्यंत मशीनमध्ये कृतीदेव आहे तोपर्यंत डोळ्याला मराठी दिसतं. नवीन मशीनमध्ये तो फॉन्ट नसला की वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं आणि आत जे साठवलंय ते जसंच्या तसं बाहेर दिसतं. म्हणजे फाईल बिघडलेली नाही, वर्डचंही काही चुकलेलं नाही, फक्त चित्रांचा संच मागच्या मशीनमध्येच राहिलाय.

मग हा कुठला फॉन्ट ते कसं ओळखायचं? सगळ्यात सोपं म्हणजे त्या कालव्यात कर्सर ठेवायचा आणि होम टॅबवर फॉन्टच्या डब्यात नाव वाचायचं. फॉन्ट मशीनमध्ये नसला तरी नाव तिथे दिसतं, कारण नाव फाईलमध्ये लिहिलेलं असतं. आणि म्हणूनच परत सांगतो, कंट्रोल-ए करून सगळ्याला मंगल किंवा निर्मला हे युनिकोडचे फॉन्ट लावू नका. त्याने मराठी येत नाही, कारण आत इंग्रजीच अक्षरं आहेत, ती मंगलमध्ये पण इंग्रजीच दिसणार, आणि वर आधीच्या फॉन्टचं नाव पुसलं जातं. कुठला भाग कृतीदेवमध्ये होता आणि कुठला भाग खरंच इंग्रजीत होता हे सांगणारी एकच खूण फाईलमध्ये असते ती म्हणजे हे नाव, ते गेलं की दस्तातला पॅन नंबर आणि त्याच्या शेजारचं मराठी एकसारखंच दिसायला लागतं.

नाव पुसलं गेलं असेल, कुणीतरी नुसता मजकूर कॉपी करून मेल केला असेल, तर "आहे" शोधायचं. मराठीत जवळजवळ प्रत्येक वाक्य आहे, आहेत वर संपतं, तेव्हा पूर्णविरामाच्या आधी परत परत कुठली अक्षरं येतायत ते बघायचं. बारका व्ही, के, जी, एस असं येत असेल तर कृतीदेव. मोठा ए आणि मग बारका एम, एच, ओ येत असेल तर श्रीलिपीचा श्री-देव. आणि अधिकचं चिन्ह, मग डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा ई, मग पेढीच्या बिलावर असतो तसला अर्ध्याचा अपूर्णांक दिसला तर ते सीडॅकचं डीव्हीबी. डीव्हीबीच्या मजकुरात तो रेघवाला ई इतक्या वेळा येतो की एका नजरेत कळतं. ही खूण पाठ करून ठेवा, फार कामाला येते.

फॉन्ट कळला की दोन रस्ते. नुसतं वाचायचं आणि प्रिंट काढायची असेल तर फक्त फॉन्ट बसवा. लोकांना वाटतं पूर्वीचं अख्खं सॉफ्टवेअर पाहिजे, तो मागे पॅरलल पोर्टला लावायचा लॉक पाहिजे, आता तर मशीनला तसलं पोर्टच नसतं, मग कसं व्हायचं. टाईप करायला ते लागतं, खरं आहे. बघायला आणि छापायला फॉन्टची फाईल पुरते. जुनं मशीन चालू असेल तर सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमधून तुमचे मराठी फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या. बंद पडलं असेल तर हार्डडिस्क काढून यूएसबीच्या डब्यात घालून जोडा आणि तेच फोल्डर शोधा. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा गावभागात, हरभट रोडला किती दुकानांत पाणी शिरलं, कागद सगळा गेला, आणि आज काही संस्थांकडे स्वतःच्या जुन्या कागदाची एकमेव प्रत म्हणजे कुणाकडे तरी राहिलेली डीटीपीची फाईल आहे. अशा ठिकाणी आधीच्या मशीनमधला तो फॉन्ट फोल्डर फाईलइतकाच महत्त्वाचा, म्हणून एक्स्चेंजवाल्याला मशीन द्यायच्या आधी तो काढून घ्याच.

पण कागदावर पुढे काम करायचं असेल, शोधायचं असेल, मोबाईलवर पाठवायचं असेल, तर दुसरा रस्ता, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. नेटवर कन्व्हर्टर भरपूर आहेत. दोन गोष्टी सांभाळायच्या. एक तर करारनामा, मृत्युपत्र असलं काही परक्या वेबसाइटला द्यायचं नाही. बरेच कन्व्हर्टर तुमच्याच ब्राउझरमध्ये चालतात, पान उघडल्यावर इंटरनेट बंद करा आणि मग मजकूर टाका, तरी चाललं तर मजकूर कुठे बाहेर जात नाहीये. दुसरं म्हणजे कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास टाकायचा नाही, आणि तो का चुकतो हे कळलं तर चुका कुठे शोधायच्या ते पण कळतं.

या फॉन्टांत अक्षरं जशी कागदावर डावीकडून उजवीकडे दिसतात तशा क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती अक्षराच्या आधी, रफार वर उजवीकडे दिसतो म्हणून तो अक्षराच्या आणि त्याच्या काना-मात्रेच्याही नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, आधी क मग वेलांटी, आधी र् मग ल. आता आपल्याच जिल्ह्यातलं "किर्लोस्करवाडी" घ्या. कृतीदेवमध्ये त्याची सुरुवात अशी साठते, आधी वेलांटी, मग क, मग ल, काना, मात्रा आणि सगळ्यात शेवटी रफार. कन्व्हर्टरला वेलांटी उचलून क च्या मागे ठेवायची आणि रफार काना-मात्रेवरून उडी मारून ल च्या आधी आणायचा, हे दोन्ही एकाच शब्दात करावं लागतं. म्हणून नवीन कन्व्हर्टर मिळाला की मी आधी किर्लोस्करवाडी टाकून बघतो. त्यात पडला तर पुढे त्याच्याकडे बघायचं कारण नाही.

त्याच्यात पास झाला की "शेतकऱ्यांचा" टाकायचं. कृतीदेवचे बरेच कन्व्हर्टर हिंदीसाठी केलेले असतात, हिंदीत हा ऱ्य लागत नाही, म्हणून ते तिथे सरळ रफार करून "शेतकर्यांचा" करतात. तसंच "ॲड." आणि "डॉक्टर" वरचा चंद्र बघा, ळ बघा, ऱ्हास सारखे शब्द बघा. एका नाट्यसंस्थेची एकांकिकेची संहिता अशी बदलायला आली होती, सांगली म्हणजे नाट्यपंढरी, तिथलं काम म्हणजे जीव लावून करावं असंच, त्यात प्रत्येक पात्राचं नाव इंग्रजी टायपात होतं आणि संवाद डीव्हीबीत. सगळं एकदम कन्व्हर्टरला दिलं असतं तर नावांचा चिखल झाला असता, कारण नुसत्या मजकुरात कन्व्हर्टरला कळत नाही की हा इंग्रजी ए खरा इंग्रजी आहे की मराठीचा मुखवटा. तर अशा वेळी वर्डमध्ये होम टॅबच्या टोकाला सिलेक्टमध्ये "सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग" आहे ते वापरायचं, एका फॉन्टचा मजकूर सगळा सिलेक्ट होतो, त्याला पिवळा हायलाइट मारायचा. मग बदलायचं काय आणि सोडायचं काय ते समोर दिसतं आणि तुकड्या-तुकड्याने काम करता येतं. वेळ जातो, पण दुसरा सरळ उपाय नाही.

आकडे मात्र माणसानेच तपासायचे. क्षेत्र, गट नंबर, रक्कम, तारखा, जुनी प्रिंट शेजारी घेऊन एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. सात-बाराशी संबंधित कागदात हे टाळू नका.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. काही जण नवीन वर्डमध्येही जुन्या फॉन्टातच टायपिंग चालू ठेवतात, बोटांना सवय झालेली असते, त्यात गैर काही नाही. पण वर्डची ऑटोकरेक्ट चालू असते, ती वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करते. कृतीदेवमध्ये बारका व्ही म्हणजे अ आणि मोठा व्ही म्हणजे ट, म्हणजे तुम्ही "आपण" लिहिलं की वर्ड त्याचं "टापण" करून ठेवतं. तसंच साधं अवतरणचिन्ह कृतीदेवमध्ये श चा भाग आहे आणि वर्ड ते वळलेल्या अवतरणचिन्हात बदलतं, की श गेलाच. फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जाऊन कॅपिटल करायच्या टिका काढा आणि स्मार्ट कोट्स बंद करा. नवीन ऑफिस टाकलं की पहिलं काम हेच, कारण जुन्या मशीनवर कुणीतरी कधीतरी ते बंद केलेलं असतं आणि सगळे विसरलेले असतात.

तिसरं दुखणं, पानं हलतात. वर्डच्या फाईलमध्ये पानं साठवलेली नसतात, मजकूर, फॉन्ट, मार्जिन साठवलेले असतात आणि पान कुठे तुटेल हे वर्ड दरवेळी उघडताना नव्याने ठरवतं. फॉन्ट किंचित वेगळा, प्रिंटर वेगळा, की ओळी वेगळ्या तुटतात आणि सत्तावीस पानांचा करार अठ्ठावीसवर जातो. जुनी फाईल लीगल साइजला, साडेआठ बाय चौदा इंचाला केलेली आणि नवीन प्रिंटर ए-फोरवर असला तर प्रिंट आखडून येते किंवा खालचं कापतं, ते आधी बघा. फाईल, इन्फोमध्ये कन्व्हर्ट असं बटण येतं, ते दाबलं की कंपॅटिबिलिटी मोड जातो आणि सगळी मांडणी नवीन नियमाने होते, त्यात टेक्स्ट बॉक्स, वर्डआर्ट, गुंतागुंतीची टेबलं हलू शकतात. माझं मत असं की जो कागद बदलायचाच नाही त्याला कन्व्हर्ट करू नका, कंपॅटिबिलिटी मोडमध्येच पडून राहू दे, आणि जुनं मशीन चालू आहे तोवर त्याच्यावरूनच पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, पानं गोठतात, दाखवायला आणि छापायला तेच पुरेसं. फक्त एवढं ध्यानात असू द्या की या जुन्या फॉन्टांच्या पीडीएफमधून मराठी कॉपी केलं तर परत तोच व्ही के जी एस बाहेर येतो, म्हणून पीडीएफ झाली तरी मूळ फाईल फेकायची नाही.

गणिताच्या शिक्षकांसाठी वेगळं सांगतो. जुन्या प्रश्नपत्रिकांतली समीकरणं वर्डमधल्या इक्वेशन एडिटर ३ मध्ये केलेली असतात, त्यात सुरक्षेचं मोठं भोक सापडलं म्हणून जानेवारी २०१८ च्या अपडेटने मायक्रोसॉफ्टने तो एडिटरच काढून टाकला. समीकरण दिसतं, कारण त्याचं चित्र फाईलमध्ये असतं, पण डबल क्लिक करून बदलायला गेलात की अडतं. थोडीच असतील तर नव्याने टाईप करणं सगळ्यात लवकर होतं.

डीटीपीवाल्यांचा प्रश्न वर्डपेक्षा अवघड आहे. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळांचे वार्षिक अंक, बहुतेक सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये झालंय. पेजमेकर ६ पासूनच्या फायली अडोबीच्याच इनडिझाईनमध्ये उघडायच्या, पण ती सोय सीएस६ या आवृत्तीपर्यंतच होती, त्यापुढच्या क्लाउडवाल्या इनडिझाईनमध्ये नाही. तेव्हा कुणाकडे सीएस६ चालू असेल तर आत्ताच फायली त्यातून काढून घ्या. नाहीतर परत लिब्रेऑफिस, २०१५ मध्ये आलेल्या ४.४ पासून ते पेजमेकरच्या फायली उघडतं, मांडणी शंभर टक्के जुळत नाही पण मजकूर आणि चित्रं मिळतात. फॉन्ट मात्र तिथेही आधी बसवलेला पाहिजे. आणि टाईप १ जातीचे जुने पोस्टस्क्रिप्ट फॉन्ट असतील तर अडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बंद केलंय, त्याच फॉन्टची ट्रूटाईप आवृत्ती शोधा.

आणि ज्यांनी मायक्रोसॉफ्टच्याच पब्लिशरमध्ये हँडबिलं, ओळखपत्रं, बक्षीस समारंभाची सर्टिफिकेटं करून ठेवलीत त्यांनी फार वेळ लावू नका. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ ला पब्लिशर बंद करायचं जाहीर केलंय आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ वाल्यांना त्यानंतर त्या फायली पब्लिशरमध्ये उघडता येणार नाहीत. पब्लिशर चालू आहे अशा मशीनवर बसून एकेक फाईल उघडायची, पीडीएफ करायची, आणि ज्यांचा मजकूर दरवर्षी बदलतो तेवढ्या वर्डमध्ये नव्याने बांधून घ्यायच्या, त्या मात्र युनिकोडमध्येच.